चौदा नंबरच्या काशीअक्का

काशीअक्कांची आठवण झाली की माझा हात आपोआप कुठल्यातरी शिवणीकडे जातो. अंगातल्या झंपरची असो, बसच्या सीटची असो, नाहीतर दुसऱ्याच्या लेकराच्या दुपट्याची असो, मी ती उलटी करते, दोन्ही बाजूंनी धरते आणि ओढून बघते. हे वेड त्यांचं, मला लागलं ते कायमचं. कमलनगरात माझं टेलरिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई कामाला फार पक्की आहे. बाई पक्की बिक्की काही नाही, बाई घाबरट आहे.

त्याआधी तीन वर्षं मी हुमनाबादच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात जंबो बॅगा शिवायला होते. जंबो बॅग म्हणजे माणूस उभा मावेल एवढी, प्लास्टिकच्या विणीची पांढरी पिशवी. तिच्या चार कोपऱ्यांना चार जाड पट्टे असतात. पिशवीत टनभर खत किंवा धान्य भरायचं, चारही पट्टे क्रेनच्या हुकात अडकवायचे आणि उचलायचं. सगळं वजन त्या पट्ट्यांच्या शिवणीवर येतं. ती शिवण आमच्या लाईनच्या बायका घालायच्या आणि त्या बायकांमध्ये काशीअक्का सगळ्यांत जुन्या.

भालकी तालुक्यातलं मेहकर हे त्यांचं गाव. नवरा गेल्यावर हुमनाबादला खोली करून राहिल्या होत्या, माझ्या खोलीच्या पलीकडे तीन दारं सोडून. पन्नाशीच्या, काटकुळ्या, कपाळाला विभूती, आणि चष्म्याची मोडलेली काडी पट्ट्याच्या दोऱ्याने गुंडाळून पक्की केलेली. आम्हाला मराठीत झापायच्या, सुपरवायझरशी दखनी उर्दूत भांडायच्या आणि मोजायच्या मात्र कन्नडमध्ये. मोजताना चुकायचं नसलं की माणूस आईच्या भाषेत जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रोज सकाळी मशीनवर बसल्या की पहिलं काम ठरलेलं. खालच्या दोऱ्याची बाबीन तिच्या लोखंडी डबीत बसवायची, दोऱ्याचं टोक चिमटीत धरून डबी डोळ्यांसमोर लोंबती सोडायची आणि मनगटाला एक बारीक झटका द्यायचा. डबी बोटभर खाली उतरून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर दोरा ढिला, हललीच नाही तर दोरा ताठ. मग डबीवरचा मोहरीएवढा स्क्रू पाव फेरा आवळायचा किंवा सोडायचा आणि पुन्हा झटका. तोपर्यंत मागे शंभर पिशव्यांचा ढीग लागला तरी बाई मशीन सुरू करणार नाही. सुपरवायझर बसवराजअण्णा लांबूनच हात जोडायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे शिवलेला एक पट्टा टाकला. "कसा हाय, सांग." टाके एकसारखे, सरळ, देखणे. मी म्हटलं, छान आहे. त्यांनी पट्टा उलटा केला, खालच्या दोऱ्याचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. अख्खा दोरा सळकन निघून त्यांच्या हातात आला आणि तो देखणा पट्टा दोन तुकडे होऊन माझ्या मांडीवर पडला.

"वरून समदं झकास दिसतंय, माय," त्या म्हणाल्या. "खालचा दोरा तारेवानी सरळ पडला की समज, त्यानं वरच्याला धरलेलंच न्हाई. दोघांची गाठ कापडाच्या पोटात बसाय पायजे. न्हाई बसली तर खालच्या माणसाचं काय हुईल?"

खालचा माणूस कोण, हे मला तेव्हा कळलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही एवढं खरं.

लाईनच्या पोरी त्यांना पाठीमागे वढअक्का म्हणायच्या, कारण जे दिसेल ते ओढून बघायच्या. माझ्या डब्याच्या पिशवीचा बंद त्यांनी दोनदा ओढून तोडला आणि दोन्ही वेळेला 'बरं झालं, आत्ताच कळलं' म्हणाल्या. माझ्या बहिणीच्या बाळाच्या बारशाला मी त्यांना हौसेने नेलं. बाळ झोळीच्या पाळण्यात, बायका गाणं म्हणायच्या तयारीत, आणि अक्का पुढे होऊन म्हणाल्या, "लेकराला जरा बाहीर काढा." कोणाला काही कळायच्या आत झोळी उलटी करून, चारी टोकं एकेक धरून अंगाचा जोर लावून ओढली. मग मान हलवली आणि बाळाला परत ठेवू दिलं. बहिणीची सासू तांबडीलाल झाली होती. "भरल्या घरात काय अभद्र करायलीय ही बाई," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू बोलली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्का मात्र पेढा खात शांत बसल्या होत्या. तेवढी एकच वेळ मी त्यांना शांत बसलेलं बघितलं.

त्यांची ही भीती जन्माची नव्हती. आधी त्यादेखील आमच्यासारख्याच गप्पा मारत शिवायच्या. मग एकदा कलबुर्गीच्या वाटेवरच्या एका गोदामाला आमच्या बॅगा जात होत्या, तिकडे माल पोचवायला जीप निघाली होती, तेव्हा अक्का सहज बघायला म्हणून गेल्या. आपण शिवतो ते जातं कुठे, एवढंच बघायचं होतं. तिथे त्यांनी पहिल्यांदा भरलेली बॅग वर जाताना बघितली. बॅग लॉरीवर नीट बसावी म्हणून एक माणूस तिच्या खाली उभा राहून, दोन्ही हात वर करून तिचं पोट हातांनी फिरवत होता. डोक्याला हिरवा टॉवेल. त्याचं नाव खाजाभाई.

अक्कांनी त्याला विचारलं, "भ्या वाटत न्हाई व्हय रं तुला?"

खाजाभाई हसला. "अक्का, शिलाई तुमी घालताव. भ्या मी कामून धरू?"

ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. दरवेळेस शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्या माणसाने सहज बोलून टाकलं आणि त्याच्या वाट्याची भीती या घरी घेऊन आल्या.

आता त्या दिवसाचं सांगते. 

आमच्याकडे दोऱ्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, दोन तऱ्हेचे होते. पट्ट्यासाठी जाड आणि पिशवीच्या तोंडाच्या झालरीसाठी बारीक. दोन्ही पांढरे. कोनावरचे कागद अर्ध्या दिवसात गळून पडायचे. म्हणून अक्कांनी एक रीत लावली होती. जाड दोऱ्याच्या कोनाला आतल्या अंगाने कुंकवाचं बोट लावायचं. कुंकू दिसलं की तो पट्ट्याचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनाही कळायचं. ती रीत इतकी चांगली चालली की बसवराजअण्णांनीच ऑफिसात कुंकवाची डबी आणून ठेवली.

त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात मशीनींची पूजा झाली. दरवर्षीच होते. मशीनी पुसायच्या, फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं, पेढे खायचे आणि दसऱ्याच्या सुट्टीला जायचं. पोरी उत्साहात होत्या. कोणीतरी मशीनींबरोबर कात्र्या मांडल्या, कात्र्यांबरोबर बाबिनी मांडल्या, आणि मग दोऱ्याचे कोन तरी मागे कशाला ठेवायचे म्हणून मांडणीवरचे सगळे कोन मांडले. सगळ्यांना भक्तिभावाने कुंकू लागलं. जाड्यालाही आणि बारक्यालाही. मीही लावलं. अक्का त्या दिवशी मेहकरला गेल्या होत्या.

दसऱ्यानंतर कामावर आले तेव्हा माझ्या बोटाला चीर पडली होती, म्हणून अण्णांनी मला मशीनवर न बसवता बाबिनी भरायला बसवलं. मी मांडणीवरून कुंकू लागलेला कोन उचलला. त्या एका कोनावरून अक्कांपुरत्या बाबिनी भरल्या आणि त्यांच्या पेटीत ठेवल्या. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. कुंकू होतं ना.

अक्कांनी नेहमीसारखी डबी लोंबती सोडली. ती सरकन खाली आली. त्यांना वाटलं, सुट्टीत स्क्रू ढिला झाला असेल. त्यांनी पाव फेरा आवळला, पुन्हा झटका दिला, पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळेस डबी बोटभर उतरून थांबली. नमुन्याचा पट्टा शिवला, उलटा करून बघितला, ओढून बघितला. गाठ बरोबर कापडाच्या पोटात बसली होती. दुसऱ्या कोणाकडून ते झालं नसतं, ते त्यांच्याच हाताचं कसब होतं. बारीक दोऱ्याचा ताण त्यांनी इतका अचूक साधला की जी चूक दिसायला हवी होती ती दिसेनाशी झाली. मग दिवसभरात त्यांनी छत्तीस बॅगांचे पट्टे शिवले.

चारला शिवण थांबली, झाडलोट झाली आणि पाच वाजता टमटममध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. ढाब्यांच्या पुढे आल्यावर त्यांनी एकदम माझं मनगट धरलं.

"सुमे, आज मला बाबिनी किती लागल्या?"

"सात."

"छत्तीस बॅगांना किती लागत्यात?"

मी बोटांवर मोजलं. "दहा."

 त्यांच्या झंपरला दिवसभरातला दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता, तो त्यांनी काढला आणि बोटांत धरून चुरत राहिल्या. बाबिनीवर बारीक दोरा जास्त मावतो. म्हणूनच सात पुरल्या. त्यांच्या बोटांना ते कळलं तसं मला पूजेत सगळ्याच कोनांना लावलेलं कुंकू आठवलं.

"टमटम थांबव," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

आम्ही चालत मागे आलो. कारखान्याच्या गेटवर अण्णा स्कूटर काढत होते. त्या दिवसाचा सगळा माल चार वाजताच गोदामाला निघून गेला होता. अण्णांनी गोदामाला फोन लावला, कोणी उचलला नाही. "आता गोदाम बंद झालं अक्का, सकाळी बघू," ते म्हणाले. अक्का गेटसमोरच्या दगडावर बसल्या आणि उठेचनात. शेवटी पहाटे सहाला जीप काढायचं अण्णांनी कबूल केलं तेव्हा उठल्या.

तो सकाळचा रस्ता मला संपता संपेना. अक्कांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला होता आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. नीट ऐकलं तर त्या एक ते छत्तीस कन्नडमध्ये मोजत होत्या, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

गोदामाच्या अंगणात जीप शिरली तेव्हा क्रेन चालू होती. एक भरलेली बॅग हवेत होती आणि तिच्याखाली हिरवा टॉवेल बांधलेला माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. अक्का जीप थांबायच्या आधीच उतरल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडलं तर क्रेनवाला दचकेल, झटका बसेल, हे त्यांना त्याही वेळेला सुचलं. त्या सरळ चालत बॅगेखाली गेल्या, खाजाभाईचा कोपर धरला आणि त्याला बाहेर घेऊन आल्या. मी जीपला टेकून उभी होते. मी पुढे झाले नाही, हे मी लपवणार नाही.

बॅग हळूहळू जमिनीवर घेतली. प्रत्येक बाई आपल्या शिवणीत नंबराची चिठ्ठी शिवते. अक्कांचा नंबर चौदा. त्या बॅगेवर चौदा होता.

मग एकेक बॅग शोधायला लागलो. रिकाम्या बॅगांच्या गठ्ठ्यांत एकतीस निघाल्या, भरलेल्या चार. अक्का बोट ठेवून मोठ्याने मोजत होत्या. मूवत्तैदु म्हणाल्या आणि थांबल्या. पस्तीस. पुन्हा मोजल्या. पस्तीस.

"एक सकाळीच गेली की," खाजाभाई म्हणाला. "लॉरीत एका बॅगेची जागा होती. भरली आणि दिली. आता हायवेला लागली असंल."

त्या लॉरीच्या ड्रायव्हरचा फोन बंद होता. आम्ही पस्तीस बॅगा घेऊन परत आलो. कारखान्यात एक लोखंडी चौकट आहे, तिच्यात भरलेली बॅग टांगून शिवण तपासतात. अण्णांनी चौदा नंबरची एक बॅग टांगली. पट्टे ताणले गेले, पण टिकले. अण्णांनी घाम पुसला. "बघा अक्का, कायबी होत न्हाई. उगं जीवाला घोर लावून घ्यायलात."

"परत उचला," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही टिकले. तिसऱ्यांदा बॅग कमरेएवढी वर गेली आणि एका कोपऱ्याचे टाके एकामागून एक तुटत गेले. पट्टा सुटला, बॅग तिरकी झाली आणि खाली आदळली. आमच्या पायांना जमीन हादरलेली कळली.  अक्का त्या बॅगेखालच्या जागेकडे बघत होत्या, जिथे कोणीही नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "बाबिनी कुणी भरल्या?"

मी चीर पडलेलं बोट मुठीत लपवलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"स्क्रू म्या आवळला, अण्णा," त्या म्हणाल्या. "डबी सरकन उतरली तवाच कळाय पायजे हुतं. हात सांगत हुता, म्या स्क्रू आवळला."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण जे मी बोलायला हवं होतं ते त्यांच्या बोलण्याखाली झाकलं गेलं आणि मी ते झाकलेलं राहू दिलं. पुढे अण्णांनी जाड दोऱ्यासाठी रंगीत कोन मागवले. कुंकवाची डबी ऑफिसातून गेली. माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन लागला. बॅग नीट उतरवली होती, कोणाला काही झालं नव्हतं. खत दुकानात ओतून घेतलं आणि रिकामी बॅग तिथून कोणीतरी घेऊन गेलं होतं. कोणी, ते त्याला माहीत नव्हतं. या पिशव्या कोणी टाकून देत नाही. त्यांत भुसा भरतात, वाळू भरतात, भंगार भरतात, पुन्हा क्रेनला लावतात. अण्णा म्हणाले, "सुटलो एकदाचे."

"चढवताना एकदा धरली, उतरवताना एकदा," अक्का म्हणाल्या. तिसऱ्या वेळेचा तो आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकलेला होता.

त्यानंतर त्यांचं काम बिघडत गेलं. चार टाके घातले की मशीन थांबवायच्या, पट्टा बाहेर काढायच्या, उलटा करायच्या. बाबीन काढून दोरा उजेडात धरायच्या. दिवसाकाठी छत्तीसच्या पंधरा झाल्या, पंधराच्या सहा. एके दिवशी डबी लोंबती सोडून बसल्या त्या बसल्याच. झटका देईनात. मी जवळ जाऊन विचारलं, "अक्का, काय झालं?"

"उतरून थांबली तरी आता मला खरं वाटंना, सुमे."

कोणी त्यांना काढलं नाही. त्या आपणच यायच्या बंद झाल्या. महिनाभराने मीही ते काम सोडून कमलनगरला आले. निघण्याआधी त्यांच्या खोलीवर निरोप घ्यायला गेले तेव्हा मनाशी ठरवून गेले होते, आज सांगायचंच, की कोन मी उचलला होता. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, बाई सकाळी निघते ती हायवेकडे जाते. काय करते, कोणाला ठाऊक नाही. मी थोडा वेळ ओट्यावर बसले आणि कुलूप आहे याचं मला बरं वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडे कलबुर्गीला निघाले होते. हुमनाबादला बस बदलली. बाराचं ऊन, बस भरायची होती, मी खिडकीशी बसले. समोरच्या ढाब्यापाशी सात-आठ लॉऱ्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीच्या मागच्या चाकावर चढून एक काटकुळी बाई वरच्या पांढऱ्या बॅगेचा पट्टा उलटा करून बघत होती. चष्मा कपाळावर चढवलेला, डोळे पट्ट्याला लावलेले.

ड्रायव्हर हात धुऊन ढाब्यातून बाहेर आला. "ओ अक्का, काय हुडकायलात वर?"

"चौदा नंबर हाय का बघायले, बाबा."

"काय ठिवलंय त्यात?"

"कायबी न्हाई ठिवलं. खाली कुणाला उभारू देऊ नको म्हणून सांगायचंय."

तो क्लीनरकडे बघून हसला. तिला उतरवायला म्हणून क्लीनर पुढे झाला आणि हात वर करून नेमका बॅगेखाली उभा राहिला. अक्कांनी त्याला हाताने बाजूला व्हायला सांगितलं. तो बाजूला होईपर्यंत त्या खाली उतरल्या नाहीत. मग उतरल्या, पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या लॉरीकडे गेल्या.

मी हाक मारली नाही.  एवढ्यात आमच्या बसला चिकटून एक लॉरी येऊन थांबली, जुन्या पांढऱ्या बॅगांमध्ये काहीबाही भरलेली. एका बॅगेचा पट्टा माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता. शिवणीतून चिठ्ठीचं टोक बाहेर आलेलं दिसत होतं. हात बाहेर काढून ते उलटं केलं असतं तर नंबर वाचता आला असता.

बस सुटेपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.